मुसरादाची काडी

आंब्याचा बाठा मातीत पडला की झाड उगवते, पण ज्याचा बाठा त्याच जातीचे झाड उगवेल याचा भरवसा नसतो. मोहोरावर बसणारी माशी कुठल्या झाडावरून उठून आली, तिने पायाला कुठला पराग आणला, ते कुणाला ठाऊक? मानकुरादाच्या बाठ्यातून निघालेले झाड आठ-दहा वर्षांनी फळायला लागते, आणि तेव्हा कळते की आंबा धाग्यांचा आहे, नाहीतर आंबट आहे, नाहीतर नुसताच पाणचट. क्वचित चांगला निघतोही. पण आईच्या झाडाचा तोच स्वाद, तीच साल, तोच सुवास हवा असेल तर त्या झाडाची काडीच आणावी लागते आणि दुसऱ्या मुळांवर बसवावी लागते. गोव्यात आज जो मानकुराद आपण खातो, तो पिढ्यान्‌पिढ्या एका झाडाची काडी दुसऱ्या झाडावर चढत आपल्यापर्यंत आलेला आहे. मध्ये कुठे ही साखळी तुटली असती तर तो आंबा संपला असता. हे मला कलम बांधायला बसल्यावर खऱ्या अर्थाने उमगले.

माझ्या माहेरी, डिचोली तालुक्यात, घरामागच्या भाटात, म्हणजे बागायतीत, एक जुना मुसराद आहे. मुसरादाला बाजारात मानकुरादासारखा मान नाही. मानकुरादाची पहिली डझनभर फळे म्हापशाच्या किंवा पणजीच्या बाजारात येतात तेव्हा त्यांचा भाव हजारांत असतो, आणि 2023 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मुसराद मात्र घरगुती आंबा. त्याचा गर घट्ट, म्हणून मांगाड, म्हणजे आंब्याचा जॅम, करायला तो हवा. आमच्याकडे मे महिन्यात तांब्याच्या भांड्यात मांगाड शिजायचे ते याच झाडाच्या आंब्यांचे, आणि पाऊस लागल्यावर भाकरीसोबत तेच पुढे यायचे.

हे झाड आता थकले आहे. वरच्या फांद्यांवर बांडगूळ माजले आहे, खोडात भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, शिरली आहे. बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसतो आणि सालीतून काळपट रस वाहतो. एका मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात मोठी फांदी मोडून कौलांवर आली. काका म्हणाले, "बाय, आता हे झाड पाडावेच लागेल. घरावर आले तर कोण बघणार?" त्यांचे चूक नव्हते. घरात दोन म्हातारी माणसे राहतात. मी त्यांच्याकडे एवढेच मागितले की हा पावसाळा जाऊ द्या.

मी फोंडा तालुक्यात राहते. आमच्या वाड्यावर एक आबा आहेत. त्यांनी उभे आयुष्य कलमे बांधण्यात घालवले, आधी दुसऱ्यांच्या भाटांत, मग नोकरीत, आणि आता स्वतःच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत. त्यांच्याकडे गेले आणि सगळे सांगितले. त्यांनी झाडाचे वय विचारले नाही, रोगही विचारला नाही. "यंदा नवी पालवी कधी आली होती?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न, "बाठे जमवलेस?"

बाठ्यांचे असे आहे की ते सुकले की गेले. आंबा खाऊन बाठा उन्हात टाकला आणि महिन्याने आठवण झाली तर त्यातला गर मेलेला असतो. म्हणून मे अखेरीस, जूनमध्ये, आंबे खाता खाताच बाठे धुऊन सावलीत ठेवायचे आणि लवकरात लवकर मातीत घालायचे. खुंटासाठी, म्हणजे ज्या मुळांवर काडी बसवायची त्या रोपासाठी, जातिवंत आंबा लागत नाही. उलट आबांचा आग्रह घोटांचा. रानातली, रस्त्याकडेची ही छोटी, रसाळ, धाग्यांची फळे, ज्यांचे आपण नारळ-मोहरी वाटून सासव करतो. त्यांची झाडे कुणी खत घालत नाही, पाणी देत नाही, तरी पन्नास-पन्नास वर्षे उभी असतात. अशा झाडाची मुळे खाली आणि मुसराद वर, असा त्यांचा हिशेब. आमच्या घरी त्या आठवड्यात रोज सासव झाले. वाड्यावरच्या मुलांनीही बाठे आणून दिले.

वाफ्यात कुजलेले शेणखत आणि माती. बाठा ठेवताना त्याची फुगीर कड वर राहील असे पाहायचे, म्हणजे कोंब सरळ निघतो. वाकडातिकडा निघालेला कोंब कलमाला त्रास देतो. वरून पातळ माती आणि त्यावर भाताचा पेंढा. पाऊस सुरू झालेला असतोच, पाणी घालावे लागत नाही, पण वाफा उंच हवा, कारण गोव्याचा आषाढ एका रात्रीत सगळे तुडुंब करून टाकतो.

इकडे बाठे रुजत असताना तिकडे डिचोलीत काड्या तयार करायच्या होत्या. कलमाच्या कामात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते ते इथे. लोकांना वाटते, फांदी तोडली आणि चिकटवली. पण काडी झाडावरच तयार करावी लागते. आबांनी मला निवड कशी करायची ते त्यांच्या मानकुरादावर हाताने दाखवले. फळणारे झाड हवे. फांदीचा शेंडा हवा, तीन-चार महिन्यांचा, मोहोर न आलेला. जाडी पेन्सिलीएवढी. रंग हिरव्याकडून करड्याकडे झुकू लागलेला. टोकाचा डोळा टपोरा, पण फुटलेला नसावा. सावलीतल्या, आतल्या, बारीक लोंबत्या फांद्यांना हात लावायचा नाही, ऊन खाणाऱ्या बाहेरच्या घ्यायच्या.

मग त्या शेंड्याची पाने कापायची. ओरबाडायची नाहीत, देठ ठेवून पाते कापायचे. आठ-दहा दिवसांत ते देठ आपोआप गळून पडतात आणि टोकाचा डोळा फुगतो. देठ बोटाच्या टिचकीने पडला की काडी तयार झाली असे समजायचे. पाने नसल्यामुळे काडीतले पाणी उडून जात नाही, आणि जोड बसेपर्यंत तिला स्वतःच्या साठ्यावर तग धरता येतो. पाने ठेवून काडी बांधली तर ती दोन दिवसांत सुकते, मग वर कितीही प्लास्टिक गुंडाळा.

माझ्या काकांनी शिडी लावून, पावसात, स्वतः पाने कापली. झाड पाडायची गोष्ट काढणारे तेच, पण त्या दिवशी ते मला खालून चढूच देईनात. "तू धर खाली, मी कापतो. कुठली, ही? की ती?" असे विचारत त्यांनी उन्हाकडचा एकेक शेंडा हेरला. बांडगुळाची मुळे जिथे फांदीत शिरली होती त्याच्या पुढचे शेंडे त्यांनी आपणहून सोडून दिले. इतकी वर्षे त्या झाडाखाली वावरलेल्या माणसाला कुठली फांदी अजून जिवंत आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

काड्या कापायला गेले त्या सकाळी पाऊस थांबला होता. काड्या वीतभर लांबीच्या ठेवल्या, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, वर केळीचे सोपट बांधले. सोपटात काडी गार राहते आणि कुजत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत नुसती कोंबली तर तिला घाम फुटतो आणि बुरशी धरते. अशा रीतीने बांधलेली काडी तीन-चार दिवस सहज टिकते. म्हणूनच काड्या डिचोलीहून फोंड्याला, फोंड्याहून सासष्टीला, एवढेच काय, रत्नागिरीपर्यंत बसने प्रवास करू शकतात.

प्रत्यक्ष बांधणी. जुन्या काळी आंब्याची भेटकलमे बांधत. आबांनी तरुणपणी ती खूप बांधली. झाडाभोवती बांबूचा माटव घालायचा, रोपांची मडकी उचलून फांदीच्या उंचीला ठेवायची, रोप आणि फांदी दोन्हींची साल एका बाजूने तासून एकत्र बांधायची आणि दोन-तीन महिने दोघांनाही पाणी देत राहायचे. जोड भरला की फांदी खालून कापायची. पोर्तुगीज काळात जेझुइट पाद्र्यांनी आंब्याची कलमे बांधण्याची विद्या इथे रुजवली असे मानले जाते, आणि फर्नांदीन, हिलारियो, कुलास ही नावे अजून आपल्या तोंडी आहेत ती त्या काळाचीच खूण. भेटकलम खात्रीचे, पण मेहनत फार आणि एका झाडावर होणारी कलमे मोजकी. आता घरच्या माणसाला सोयीचे ते कोयकलम.

कोयकलमाला रोप अगदी कोवळे लागते. बाठ्यातून कोंब वर येऊन पाने तांबूस असतात, पंधरा दिवसांच्या आतबाहेर, तेव्हाच. पाने हिरवी झाली की खोड टणक होते आणि ही पद्धत चालत नाही, मग मृदुकाष्ठ कलमाची, म्हणजे वाढलेल्या रोपाच्या नव्या कोवळ्या फुटीवर बांधायच्या कलमाची, वाट पाहावी लागते. बाठ्यासकट रोप हलकेच उपटून घ्यायचे. मुळे धुवायची. बाठ्यापासून चार बोटे वर खोड आडवे छाटायचे आणि मधोमध दीड इंच खोल चीर द्यायची. काडीचे खालचे टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची. पाचरीचा काप एका घावात व्हायला हवा. दोन-तीनदा चाकू फिरवला की पृष्ठभाग उंचसखल होतो आणि मध्ये हवा राहते. मग ती पाचर चिरेत बसवायची.

इथे आबा थांबले आणि म्हणाले, "सालीखाली जी ओली, हिरवी रेघ दिसते ना, ती बघ. कलम त्या रेघेत जुळते, बाकीचे लाकूड नुसते आधाराला." खुंट आणि काडी एकसारख्या जाडीची असेल तर ती रेघ दोन्ही बाजूंना जुळते. काडी बारीक असेल तर तिला मधोमध न ठेवता एका कडेला सरकवायची, म्हणजे निदान एका बाजूची साल तरी सालीला भिडते. हे एवढे कळले की मग आंबा असो, काजू असो, चिकू असो, हात तेच काम करतो. काजूचे रोप दीड-एक महिन्याचे असताना त्याच्या कोवळ्या खोडावर पाचर बसते, चिकूला खिरणीचा खुंट लागतो आणि तो वाढायला फार वेळ घेतो, फणसाला चीक येतो आणि तो पुसून चटकन बांधावे लागते. फरक तपशिलाचे आहेत.

बांधायला प्लास्टिकची बोटभर रुंद पट्टी. खालून वर, घट्ट, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवत, म्हणजे पाणी आत शिरत नाही. गाठ शेवटी. चाकू प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसायचा. हात ओला नको. कापलेल्या जागेला बोट लावायचे नाही. मग रोप पिशवीत लावायचे आणि काडीवर बर्फाच्या पेप्सीची ती लांबट पिशवी उलटी घालून खाली सैल बांधायची. आत दमटपणा राहतो. मुलांनी खाऊन टाकलेल्या त्या पिशव्या धुऊन ठेवल्या तर विकत काही आणावे लागत नाही.

सगळी कलमे ओट्याच्या सावलीत, पागोळीपासून दूर ठेवली. त्यानंतर बघत बसण्यापलीकडे काम नसते, आणि हे बघत बसणे मला बांधण्यापेक्षा कठीण गेले. पहिल्या आठवड्यात काडी हिरवी राहिली म्हणजे जगली असे नव्हे, ती आपल्याच साठ्यावर जगत असते. काही काड्या दहाव्या-बाराव्या दिवशी टोकापासून काळ्या पडत खाली आल्या. काहींचा डोळा फुगला, एक कोंब काढला आणि मग तो मान टाकून बसला, कारण जोड न भरता साठा संपला. त्या वर्षी आषाढात एकदा सलग झड लागली, ऊन दिसलेच नाही, आणि बुरशीने बरीच कलमे नेली. आबा रोज संध्याकाळी येऊन काळी पडलेली उचलून बाहेर टाकत. "राहिलेल्यांना हवा मिळू दे," म्हणत. तिसऱ्या आठवड्यात ज्यांचे कोंब तांबूस, चकचकीत आणि ताठ होते, तीच खरी लागलेली. त्यांच्या पिशव्या काढल्या तेव्हा मी घरात सगळ्यांना बोलावून दाखवले. डिचोलीला काकांना फोन केला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "किती लागली म्हणालीस?"

निम्म्यापेक्षा थोडी अधिक लागली होती. पहिल्यांदा बांधणाऱ्याला इतके पुष्कळ, असे आबांचे मत. पट्टी मात्र लगेच सोडायची नाही. दोन-तीन महिने जाऊ द्यायचे, जोडाची जागा फुगून पट्टी रुतू लागते तेव्हा पाठीमागून ब्लेडने उभी चीर द्यायची. विसरलात तर तीच पट्टी फास होऊन झाड मोडते. आणि जोडाखालून खुंटाचा फुटवा आला की नखाने खुडायचा. हा फुटवा वरच्या कलमापेक्षा जोरात वाढतो. न खुडल्यास दोन वर्षांनी मुसराद वाळून जातो आणि तुमच्या परसात घोटाचे झाड डोलत असते. पुष्कळांचे "कलम फसवे निघाले" ते असेच.

पण सगळ्यांचे नव्हे. रोपवाटिकेतून मानकुराद म्हणून आणलेले झाड सहा वर्षांनी भलताच आंबा देते, असे आमच्या ओळखीत एकाहून अधिक जणांच्या बाबतीत झाले आहे. सहा वर्षे कुणी पावती जपून ठेवत नाही. शिवाय मानकुराद तरी एकच कुठे आहे? एका भाटातला मानकुराद आणि शेजारच्या भाटातला यांत आकाराचा, गोडीचा, साका (गरातला पांढरट, स्पंजासारखा भाग) धरण्याचा फरक असतो. जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने अशा झाडांतून निवड करून कार्दोज मानकुराद पुढे आणला, तो याच फरकामुळे. खात्रीचे कलम हवे असेल तर त्या संस्थेतून किंवा कोडारच्या सरकारी फार्मवरून घ्यावे, असे मी कुणालाही सांगेन. आणि त्याहून खात्रीचे म्हणजे, ज्या झाडाचा आंबा आपण स्वतः खाल्ला आहे त्याची काडी.

तिथूनच आमची देवाणघेवाण सुरू झाली. लागलेली मुसरादाची कलमे माझ्या गरजेपेक्षा जास्त होती. एक डिचोलीला परत जायचे होते, एक माझ्या परसात. बाकीची? आबांनी पेडण्याच्या एका भाऊंचे नाव सुचवले, त्यांच्याकडे जागा आहे आणि जुन्या जातींचा ध्यास आहे. भाऊ कलम न्यायला आले ते रिकाम्या हाताने आले नाहीत. नीरफणसाचे फुटवे घेऊन आले. नीरफणसाला बी नसते. त्याची मुळे जमिनीलगत धावतात, त्यांना कुदळीने थोडी जखम केली की तिथून कोंब फुटतो आणि तो मुळाच्या तुकड्यासह काढून लावता येतो. त्यांच्या आजोबांच्या झाडाचे फुटवे आता तालुक्यात कितीतरी घरी आहेत. पीठ लावून तळलेले नीरफणसाचे काप श्रावणात आमच्या पानात आले की मला भाऊंची आठवण येते.

मडगावकडच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना आम्ही सगळे टीचरच म्हणतो. त्यांच्याकडे हिलारियो आहे, उशिरा येणारा, मानकुराद संपल्यावर जूनच्या तोंडावर खाता येणारा. त्यांनी मला काड्या दिल्या, पण आधी बसवून चहा दिला, घरातल्या त्या झाडाची हकीकत सांगितली, आणि कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून दिले: कुठले झाड, कोणत्या बाजूची फांदी, कधी कापली. तेव्हापासून आमच्यात हा नेम झाला. चिठ्ठीशिवाय काडी द्यायची नाही आणि घ्यायची नाही. पावसात शाई उतरते, म्हणून आम्ही पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने नाव कोरून तारेने बांधतो. नाव हरवले की जातही हरवल्यासारखीच आहे. दहा वर्षांनी झाड फळेल, पण तो कुणाच्या भाटातला आंबा हे सांगणारे कुणी नसेल.

भिरंडीचे, म्हणजे कोकमाचे, सगळ्यात महत्त्वाचे. भिरंडीची झाडे नर आणि मादी वेगळी असतात. बियांपासून लावली तर साधारण निम्मी नर निघतात, आणि हे कळायला सात-आठ वर्षे जातात. तोवर माणूस झाडाला पाणी घालत, सोलांची, म्हणजे आमसुलांची, स्वप्ने बघत बसतो. म्हणून मादी झाडाची काडी हवी. पण तीही कुठलीही चालत नाही. भिरंडीला दोन तऱ्हेच्या फांद्या असतात, सरळ वर जाणाऱ्या आणि आडव्या पसरणाऱ्या. आडव्या फांदीची काडी बांधली तर झाड आयुष्यभर आडवेच पसरते, जमिनीवर झुडूप होऊन राहते. उंच, डेरेदार झाड हवे तर शेंड्याकडची उभी काडी घ्यावी लागते, आणि तशा काड्या एका झाडावर मोजक्याच असतात. त्यामुळे जो कुणी तुम्हाला भिरंडीची उभी काडी देतो, तो स्वतःच्या झाडाचा शेंडा देत असतो. आमच्यापैकी सावईवेऱ्याच्या एका काकींनी त्यांच्या दाट लाल, जाड सालीच्या भिरंडीच्या अशा काड्या सगळ्यांना वाटल्या. त्या भिरंडीची सोले वर्षभर रंग सोडत नाहीत. जायफळाचेही असेच आहे, तेच नर-मादी आणि तोच उभ्या-आडव्याचा प्रश्न, आणि कुळागरवाल्या माणसाला जायफळाच्या एका मादी झाडाची किंमत सांगायला नको.

मिरीचेही काहीसे असेच आहे. सुपारीवर चढलेल्या वेलीच्या बुडाशी जे दोर जमिनीवर सरपटतात, त्यांचे दोन-तीन पेऱ्यांचे तुकडे लावले तर नवी वेल वर चढते. पण फळणारी आडवी फांदी लावली तर वेल चढतच नाही, कुंडीत राहील एवढे झुडूप होते आणि त्यालाही मिरी लागते. पणजीत फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आमच्या एका मैत्रिणीला हेच हवे होते. तिच्या गॅलरीतली मिरी आता तिच्या घराला पुरते.

अबोली, जाई, जास्वंद यांची छाटकलमे तर आम्ही येता-जाता देतो, त्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही.

देवाणघेवाणीत एक धोका मात्र आहे आणि त्याबाबत मी कठोर झाले आहे. केळीचा मुनवा, म्हणजे बुडाशी फुटलेला कोंब, सुंदर दिसला म्हणून उचलून आणायचा नाही. पर्णगुच्छ रोग मुनव्यातून येतो, आणि एकदा आला की मावा तो सगळ्या बागेत पसरवतो. अशी केळ उपटून नष्ट करण्यावाचून उपाय नसतो. मयड्याची मिंडोळी केळी आमच्यातल्या प्रत्येकाला हवी होती, पण ज्यांच्या बागेत एकही झाड खुजे, पाने वर एकवटलेली असे दिसले, त्यांच्याकडून आम्ही घेतली नाही, मग तो माणूस कितीही जवळचा असो. मर लागलेल्या मिरीच्या वेलीचा तुकडाही कुणाच्या कुळागरात नेऊ नये, ती माती चपलेला लागूनसुद्धा जाते. टीचरच्या गेटपाशी चुन्याच्या पाण्याची घमेली असते. पाहुण्यांना पाय बुडवून मगच आत घेतात. सुरुवातीला काहींना ते रुचले नाही. आता आम्ही चौघांनी तरी तसेच सुरू केले आहे.

आणखी एक, जे आबांकडून आले. विचारल्याशिवाय काडी कापायची नाही, रस्त्याकडेच्या झाडाचीही नाही. त्याला कुणीतरी मालक असतो, किंवा देवस्थान असते. भर दुपारी कापायची नाही, झाड तेव्हा तहानलेले असते आणि काडीही. दिलेली काडी लागली नाही तर देणाऱ्याला तसे सांगायचे, लाजून गप्प बसायचे नाही. तो पुन्हा देतो.

पहिल्या वर्षीची कलमे पुढच्या पावसाच्या सुरुवातीला जमिनीत गेली. मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा, उन्हाळ्यात तापू दिलेला, तळाशी पालापाचोळा, वर माती आणि शेणखत. जोड मातीच्या वर राहील असे लावायचे, बांबूचा आधार द्यायचा. डिचोलीचे कलम काकांनी घरापासून लांब, विहिरीच्या बाजूला लावले, मोकळ्या जागी. जुन्या झाडाच्या घराकडच्या फांद्या उतरवून घेतल्या, कापल्या जागांना बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावली, भिरुडीच्या भोकांतून तार घालून किडे काढले. झाड अजून उभे आहे. किती वर्षे राहील माहीत नाही, पण काकांनी पाडायचा विषय पुन्हा काढलेला नाही.

नव्या कलमांना दुसऱ्याच वर्षी मोहोर आला. तो खुडायचा असतो, पहिली तीन वर्षे तरी, नाहीतर झाडाची सगळी ताकद चार फळांत जाते आणि ते खुरटते. काकांना खुडवेना. त्यांनी मला बोलावले आणि मी खुडला. चौथ्या वर्षी ठेवला. पहिल्या मोजक्या मुसरादांपैकी दोन आबांकडे गेले, एक टीचरकडे बसने, आणि उरलेले आम्ही घरी कापले. साल, गर, तो किंचित करकरीत कडेचा भाग, सगळे तसेच.

आता दर आषाढात आमच्या ओट्यावर बांधणी होते. काहीजण शिकायला येतात, काहीजण नुसते काड्या द्यायला. माझ्या वहीत कुठली जात कुणाकडे आहे याची नोंद आहे: मुसराद सहा घरी, हिलारियो चार घरी, कुलास एकाच घरी, तेही झाड म्हातारे, म्हणून यंदा त्याची कलमे आधी बांधायची आहेत. फर्नांदीनच्या रकान्यात अजून कुणाचे नाव नाही. मिस्कुटासाठी, म्हणजे मसाला भरलेल्या कैरीच्या लोणच्यासाठी, आमच्या आजीला तोच लागायचा. बार्देशात किंवा तिसवाडीत कुणाच्या भाटात खात्रीचा फर्नांदीन असेल तर जून संपायच्या आत त्याच्या उन्हाकडच्या चार शेंड्यांची पाने देठ ठेवून कापून ठेवा आणि निरोप द्या. दहा दिवसांनी सोपट आणि चाकू घेऊन मी स्वतः येईन, आणि येताना मुसरादाचे एक कलम घेऊन येईन.